सुटलेला चेंडू, झेललेली फुलं

नवरीच्या पोशाखात खुर्चीवर चढून टेसा बापाच्या गळ्यात टाय बांधत होती. डेल्बर्ट ऊर्फ डेल हॉस्टेटलर हा पावणेसात फुटांचा गृहस्थ. टाय बांधणं त्याला जन्मात जमलं नाही आणि बांधून देणारी बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"बाबा, नीट ऐक," टेसा म्हणाली. "नवरीनं फेकलेली फुलं जिच्या हातात पडतात तिचं पुढचं लग्न. मी ती थेट लुएलाच्या हातात टाकणार. लोक हसतील, टाळ्या पिटतील. त्या गडबडीत तू जायचं आणि विचारायचं."

"काय विचारायचं?"

"हवापाणी विचार. अरे, लग्नाचं विचारायचं."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर दोन वर्षं तिच्या बेकरीत रोज जाऊन वाढवलेलं पोट वाया गेलं म्हणायचं. पण तोवर कोपऱ्यात उभा राहा. कशालाही हात लावू नकोस."

डेलनं मान डोलावली. हात न लावणं त्याला जमण्यासारखं होतं, असं निदान गावाचं मत होतं.

त्याचं असं आहे की डेलनं आयुष्यभर एकच काम केलं. बास्केटबॉलच्या रिंगवर आपटून परत येणारा चेंडू पकडायचा, म्हणजे रिबाउंड घ्यायचा. बास्केट दुसऱ्यांनी टाकायच्या, टाळ्या दुसऱ्यांनी घ्यायच्या, ह्यानं फक्त चुकलेलं सावरायचं. कॉलेजात त्यानं इतके रिबाउंड घेतले की तो विक्रम गावातल्या पाइक फोर्क कॉलेजच्या जिमच्या भिंतीवर अजून रंगवलेला आहे. पुढे व्यावसायिक संघांतूनही तो गुडघे कुरकुरेपर्यंत खेळला. पण गावाला हे कुठलं आठवायला? गावाला आठवतो तो एकच चेंडू. हार्लन बेंडच्या कॉलेजविरुद्ध अंतिम सामना, पाइक फोर्क एका गुणानं मागे, शेवटचा क्षण. संघातल्या वेंडेलचा नेम चुकला, चेंडू परत आला, डेलच्या दोन्ही हातांत छान बसला आणि साबणाच्या वडीसारखा निसटला. सामना गेला.

वेंडेलचा नेम चुकला होता हे गाव केव्हाच विसरलं. खुद्द वेंडेल तर सगळ्यात आधी विसरला. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. डेल खिळे घ्यायला गेला की तो न चुकता विचारतो, "पिशवीत देऊ ना? हातात नको रे, सुटतील."

चाळीस वर्षं हेच. गावात एकच व्यक्ती अशी होती की जिनं तो विषय कधी काढला नाही, आणि ती म्हणजे बाहेरगावाहून येऊन बेकरी घातलेली लुएला. तिच्या दुकानात कोणी त्या चेंडूची गोष्ट सुरू केली की ती गुपचूप भट्टीकडे वळायची. किती समजूतदार बाई, असं डेलला वाटायचं. हिच्या शेजारी उरलेलं आयुष्य बरं जाईल, असंही वाटायचं.

लग्नाची मेजवानी कॉलेजच्या जुन्या जिममध्ये होती, कारण डेलला न वाकता आत जाता येईल असं दार गावात तेवढंच होतं. रिंगला रिबिनी बांधल्या होत्या. रिंगच्या जरा मागे, भिंतीलगतच्या टेबलावर लुएलानं रात्र जागून केलेला चार मजली केक होता. डेल सरबताचा पेला घेऊन शहाण्यासारखा कोपऱ्यात उभा राहिला.

टेसानं पाठ फिरवली आणि फुलं डोक्यावरून मागे फेकली. पण लेक कोणाची? फुलं लुएलाच्या, सगळ्या पोरीबाळींच्या डोक्यावरून गेली, थाडकन रिंगमागच्या फळीवर आदळली, रिंगवर आपटली आणि परत आली.

तो आवाज डेलच्या कानांत गेला, तो डोक्यापर्यंत पोचलाच नाही. परस्पर पायांत उतरला. पेला कुठे गेला देव जाणे. दोन ढांगांत तो रिंगखाली होता, गुडघे वाकलेले, कोपरं बाहेर, आणि मागे जे कोणी असेल त्याला बुडानं रेटून जागा धरलेली. मागे कोण आहे हे बघायचं नसतं, फक्त रेटायचं असतं. दोन्ही हातांनी त्यानं फुलं गच्च पकडली.

इथवर थांबता तरी. पण रिबाउंड घेतला की चेंडू लगेच मोकळ्या गड्याकडे द्यायचा असतो. मोकळा होता वेंडेल, हातात कोंबडीची तंगडी घेऊन.

"वेंडेल, घे!"

वेंडेलनं तंगडी टाकली, फुलं झेलली, पोट सावरत दोन पावलं धावला आणि नेम धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो चुकला नाही. फुलं जाळीत अडकून लोंबकळायला लागली.

"वेंडेल," त्याची बायको बर्निस शांतपणे म्हणाली, "तुझं लग्न झालंय. माझ्याशी."

"झेललंस रे डेल," मागून कोणीतरी ओरडलं, "पण जरा उशीर झाला."

सगळी जिम हसली. टेसा हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "लुएला कुठंय?"

लुएला केकमध्ये होती. खालच्या दोन मजल्यांत बसलेली, वरचे दोन मांडीवर. फुलं केकवर पडू नयेत म्हणून ती टेबलापुढे धावली होती आणि डेलनं तिलाच रेटलं होतं. चेंडू सुटला तेव्हा निदान कोणी केकमध्ये बसलं नव्हतं. त्यानं जाळीतून फुलं काढली आणि खाली मान घालून तिच्यापुढे धरली.

"माफ करा, लुएला. मागे तुम्ही आहात हे बघितलंच नाही. एक विचारायचं होतं, लग्नाचं. पण आता कुठल्या तोंडानं विचारू?"

लुएलानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आधी माझं ऐका, मग विचारा. मी हार्लन बेंडची आहे."

डेलनं पुढे धरलेली फुलं खाली घेतली.

"त्या सामन्याला मी होते. आमच्या बँडमध्ये झांजा वाजवायचे. तुमच्या हातून चेंडू सुटला आणि मी अशी नाचले की एक झांज खालच्या माणसाच्या टकलावर पडली. आमच्याकडे अजून दरवर्षी तुमच्या नावानं केक कापतात, डेल. पहिला मी केला होता. त्यावरच तर माझा धंदा उभा राहिला. इथे सांगितलं असतं तर माझ्या पावाला कुत्र्यानंही विचारलं नसतं. आणि तुम्हाला तर कुठल्या तोंडानं सांगणार?"

आपण सोडलेला चेंडू वाया गेला असं डेल इतकी वर्षं धरून चालला होता. तो कोणाच्या तरी पदरात पडला होता तर.

"केक कसला असतो?" त्यानं विचारलं.

"चॉकलेटचा. वर साखरेचा चेंडू. तो दरवर्षी घरंगळून खाली पडतो."

डेलला हसू आवरेना. "मग, लुएला? करता का लग्न?"

"आधी मला ह्यातून उठव," ती म्हणाली. "आणि हात घट्ट धर. तुझा लौकिक ठाऊक आहे मला."

त्यानं हात घट्ट धरला आणि तिला उभं केलं. तेवढ्यात वेंडेल तोंड पुसत आला.

"काय रे डेल, फुलं झेलता येतात, बाई धरता येते. मग तो चेंडू तेवढा का सोडलास?"

ह्या प्रश्नाला डेल नेहमी बुटांकडे बघायचा. आज त्यानं वेंडेलकडे बघितलं.

"तो मी हिच्यासाठी सोडला होता," तो म्हणाला.

"म्हातारा चळला," वेंडेल म्हणाला, आणि बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. लुएला मात्र इतकी हसली, इतकी हसली, की तोल जाऊन पुन्हा केकमध्ये बसली. डेलनं तिचा हात सोडला नव्हता, त्यामुळे ह्या वेळी तोही तिच्यासोबत गेला.