काकूंचं राहिलेलं मत

बायकोच्या मनातलं तिला विचारावं लागलं तर तो नवरा कसला, असं मिस्त्रींचं ठाम म्हणणं होतं. आणि ते कुणापुढेही ठणकावून सांगायला त्यांनी कधी कमी केलं नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत आलेला माणूस! नुसता आवाज ऐकून शटल घासतंय की पट्टा सैल झालाय ते सांगायचे. असा माणूस स्वतःच्या बायकोला ओळखणार नाही?

म्हणून दवाखान्यात त्यांची बायको, म्हणजे काकू, जेव्हा म्हणाल्या, "आता शेवटचा आठवडा येईल. माझं मत द्यायचं राहील हो. तेवढं देऊन टाका," तेव्हा त्यांनी "कुणाला?" असं विचारलंच नाही. समजल्यासारखी मान हलवली. तिसऱ्या दिवशी काकू गेल्या.

मत म्हणजे निवडणुकीचं नव्हे बरं का. टीव्हीवर तो कार्यक्रम लागतो ना, बारा नामांकित मंडळींना एका घरात कोंडून ठेवतात, ती भांडतात, रडतात, एकमेकांची भांडी लपवतात आणि आपण घरबसल्या त्यांची लायकी काढतो, त्यातलं मत. काकूंनी एक भाग चुकवला नव्हता. मिस्त्रींनी एक पाहिला नव्हता. ते आतल्या खोलीत मांडीवर मशीनचं डोकं घेऊन बसत आणि बाहेरून बायकोचा आवाज तेवढा ऐकत.

तो आवाज ऐकूनच तर त्यांनी निष्कर्ष काढला होता. शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. एक सिनेमात कजाग सासवा करणारी वयस्कर नटी आणि दुसरा गोड गळ्याचा गायक. नटी पडद्यावर आली की काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "अगं भवाने, तोंड आवर की! पुन्हा उपाशी झोपलीस? अक्कल गहाण टाकलीयस का?" आणि गायक बोलला की काकू शांत. "सभ्य आहे हो मुलगा," एवढंच. आता सांगा, मत कुणाला द्यायचं हे तर शेंबडं पोरही सांगेल!

मिस्त्रींना हे काम चोख करायचं होतं, त्यालाही कारण होतं. चाळीस वर्षांत बायको त्यांच्याशी धड दोन शब्द गोड बोलली नव्हती. त्यांना मनातून वाटायचं, बिचारीने आपल्याबरोबर कसेबसे दिवस काढले. आपण तिच्यासाठी एक गोष्ट मनासारखी केली असेल तर शपथ. निदान ही शेवटची तरी नीट पार पाडू.

पण एका मताने होतंय काय? मिस्त्रींनी कंबर कसली. हातात ओळखी होत्या त्या सगळ्या शिंप्यांच्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या. त्यांनी जाहीर करून टाकलं की या आठवड्यात दुरुस्तीची मजुरी घेणार नाही, मोबाईल काढायचा आणि माझ्यासमोर गायकाला मत द्यायचं. मत पडलं की सुई हलेल.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ते कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात गेले. तिथे एका रांगेत चाळीस मशीन आणि त्यावर चाळीस बायका. मिस्त्रींनी गायकाचं नाव काढायचा अवकाश, कारखान्यात दोन तट पडले! निम्म्या जणी नटीच्या बाजूच्या निघाल्या. ती तोंडाची फाटकी आहे, पण त्या घरातल्या तापाने फणफणलेल्या पोरीजवळ रात्रभर कोण बसलं होतं, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या निम्म्या म्हणाल्या, बसली असेल, पण बसल्या बसल्या त्या पोरीला किती बोलली, ते नाही ऐकलंत? बाही शिवणारणीने बाही जोडणारणीला तयार बाह्या द्यायचं बंद केलं. तासाभरात तीसेक शर्ट बिनबाह्यांचे पडून राहिले आणि सुपरवायझर मिस्त्रींकडे असा बघायला लागला, जणू काही सुया त्यांनीच चोरल्यात.

मिस्त्री स्टुलावर उभे राहिले. बोलायची सवय नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं की माझी बायको गेली, जाताना तिने हे एकच मागितलं, आणि तिला ती नटी डोळ्यांसमोर नको होती. तेवढं बोलून ते खाली उतरले.

मशीनं थांबली. नटीच्या बाजूच्या बायकांनीही पदराने डोळे पुसले आणि एकेकीने मोबाईल काढला. त्यातली एक म्हातारी, बटणांची काजं करणारी, तेवढी कुरकुरली, "मिस्त्री, नक्की नको होती ना त्यांना? मी काकूंना ओळखत होते." मिस्त्रींनी तिला झटकून टाकलं. बायको माझी की तुझी, म्हणाले.

मग काय, गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. त्या बायकांनी बहिणींना सांगितलं, बहिणींनी शेजारणींना. शनिवारपर्यंत गावातल्या ओळखीच्या-अनोळखी बायका मयत माणसाचा शब्द म्हणून आपल्या आवडत्या नटीला सोडून भलत्याला मत देत होत्या. एका कोपऱ्यावरच्या शिंप्याने तेवढं नाही म्हटलं. मिस्त्रींनी त्याचं उघडलेलं मशीन तसंच सोडून दिलं. तो बिचारा सुट्या भागांचं ताट मांडीवर घेऊन दुपारभर बसला होता.

रविवारी संध्याकाळी मेहुणी आली. काकूंची धाकटी बहीण, दुसऱ्या गावची. ताईचं कपाट आवरायला म्हणून आलेली. मिस्त्रींनी तिला काही सांगितलं नव्हतं, निकाल लागला की सांगू म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा ते टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसले. पडद्यावरच्या माणसाने दोघांचे हात धरले, उगाच पाच मिनिटं ताणलं आणि अगदी थोड्या मतांनी म्हणत गायकाचा हात वर केला.

मिस्त्रींनी समाधानाने डोळे मिटले. उघडून पाहतात तर मेहुणी रडत होती.

"ताईची ती हरली हो दाजी," ती म्हणाली. "आज ताई असती तर दोन दिवस जेवली नसती."

मिस्त्रींना आधी वाटलं, ही दुःखाने भ्रमिष्ट झाली. ताईचा तो गायक, त्यांनी समजावलं. मीच निवडून आणलाय. आणि त्यांनी सगळं सांगितलं, कारखाना, स्टूल, बायकांचे मोबाईल, सगळं. मेहुणी ऐकता ऐकता रडायची थांबली.

"गायक? दाजी, ताईने ज्याला सभ्य म्हटलं, त्याच्या दारात ती पुन्हा पाऊल टाकायची नाही. आम्ही दोघी रोज फोनवर बोलायचो. त्या बाईसाठी तिचा जीव तुटायचा."

"पण ती तिला शिव्या घालायची. भवाने म्हणायची. मी कानांनी ऐकलंय."

मेहुणीने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "आणि तुम्हाला काय म्हणायची?"

मिस्त्री आठवू लागले. काय म्हणायची? वेंधळा म्हणायची. येडा म्हणायची. डोक्यात मेंदूच्या जागी मशीनचं तेल भरलंय म्हणायची, तेही रोज, न चुकता, चाळीस वर्षं. त्यांना एकदम काहीतरी उमगलं. आनंद व्हायचा तो झालाच नाही, कारण पाठोपाठ दुसरंच आठवलं.

"शेवटच्या दिवशी ती माझ्याशी गोड बोलली," ते कसंबसं म्हणाले. "माझा हात धरून म्हणाली, तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. इतके दिवस मी तेच उराशी धरून बसलो होतो. म्हणजे त्या दिवशी मी तिला परका झालो?"

"तेव्हा नर्स उभी होती शेजारी," मेहुणी म्हणाली. "परक्या माणसासमोर ती तसंच बोलायची. तुम्ही औषध आणायला खाली गेलात, नर्सही गेली. मग मला म्हणाली, या येड्याने शर्ट उलटा घातलाय. सगळ्या दवाखान्यात तसाच मिरवतोय. मी गेल्यावर याच्याकडे कोण बघणार गं?"

मिस्त्री तोंडावर हात घेऊन रडले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच, लहान मुलासारखे, खांदे गदगदत. मेहुणीने पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"मग शर्टाचं मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्यावर केवढा प्रसंग आलेला. बरं दिसेना."

"तो शर्ट मी पुढे दोन दिवस अंगातनं काढला नव्हता." मिस्त्री आठवत म्हणाले. "ती गेली तेव्हाही तोच होता. माणसं भेटायला आली तेव्हाही?"

"तेव्हाही."

"शंभरएक तरी आली असतील. त्यातले निम्मे शिंपी."

"हो."

"आणि एकही बोलला नाही?"

"एकही नाही."

"खरंय," मिस्त्री म्हणाले. "सगळी सभ्य माणसं."