मला धरून, का मला सोडून?

आमच्या शेजारच्या सिद्रामप्पांसमोर 'आम्ही' हा शब्द उच्चारण्यापूर्वी माणसाने दोनदा विचार करावा.

"उद्या आमी येणार न्हाय अप्पा," असे दूधवाल्याने एकदा सहज सांगितले. अप्पांनी पातेले हातात तसेच धरून विचारले, "आमी म्हंजे कोण कोण? म्हशीला धरून, का सोडून?"

"म्हस कशाला येतीय अप्पा?"

"मग 'मी येणार न्हाय' म्हण की. तिला कशाला गुतवतोस?"

या छळाला काही अंशी मी जबाबदार आहे, हे आरंभीच मान्य करतो. मी सोलापुरात तीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवले. सिद्रामप्पांचे भुसार मालाचे दुकान होते. पत्नी गेल्यावर त्यांनी ते बंद केले. घरी बोलणे कन्नड, बाजारात मराठी आणि वाचन कॅलेंडरच्या मागच्या पानापुरते, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो बिघडला तो त्यांच्या मुलीमुळे.

गौरी अमेरिकेत नोकरी करते. अप्पा तिला लाडाने 'अव्वा' म्हणतात. कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई. तिकडचे नागरिकत्व घ्यायचे तर एक परीक्षा द्यावी लागते आणि तीत त्या देशाच्या राज्यघटनेवर प्रश्न विचारतात. "तिची तयारी मी घेणार," असे अप्पांनी जाहीर केले. तिने पाठवलेली प्रश्नांची पुस्तिका त्यांनी छापून आणली आणि इंग्रजी शब्दकोश माझ्याकडून नेला. दर रविवारी सकाळी आठ वाजता ते फोनवर तिची परीक्षा घेऊ लागले. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. शनिवारच्या संध्याकाळी वडिलांना उत्तरे देत बसणाऱ्या त्या मुलीचे मला नेहमी कौतुक वाटे.

अप्पांचे मात्र पुस्तिकेवर भागेना. घटनेच्या आधी काय होते, त्याच्याही आधी काय होते, असे करत ते थेट इंग्लंडच्या राजाकडून घेतलेल्या मोठ्या सनदेपर्यंत मागे गेले. राजाने त्या सनदेवर सही केली असे मी बोलून गेलो, तेव्हा माझ्यासारख्या शिक्षकाची चूक काढण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. "सही न्हाय सर, शिक्का! राजानं शिक्का मारला. परीक्षेत मार्क गेले असते की तुमचे!"

जहाजातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीच एक करार लिहून सह्या केल्या, याचे त्यांना फार अप्रूप. "उतरायच्या आधी लिहिलं बघा. आपली माणसं आधी उतरतात, मग भांडतात, मग वकिलाकडं जातात." तेरा राज्यांच्या पहिल्या सैल कराराचा मात्र त्यांना मनस्वी राग. त्या करारात काहीही बदलायचे म्हटले की तेराही राज्यांची संमती लागे. "एक नको म्हणाला की बाराजण गप्प. आपल्या बिल्डिंगच्या मोटरीसारखं हाय हे."

मोटरीचे प्रकरण असे. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्या दिवशी वेळेवर मोटर लावली नाही, तर वरची टाकी कोरडी राहते. आठ बिऱ्हाडांत मोटर कोणी लावायची यावर एकमत कधीच होत नसे. अप्पांनी हा प्रश्न अमेरिकन पद्धतीने सोडवायचे ठरवले. त्यांनी इमारतीची घटना लिहायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला अडून माझे दार वाजवले.

"सर, त्यांची घटना 'वुई' नं सुरू होते. मराठीत काय लिहू?"

माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी सांगितले की इंग्रजीत एकच 'वुई' असला, तरी मराठीत दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तेव्हा 'आम्ही', आणि त्याला सामावून घ्यायचे तेव्हा 'आपण'. अप्पा म्हणाले, "आमच्या कन्नडात 'नावु' म्हटलं की सगळे आले. ह्या मराठीनंच दोन दारं केली बघा."

"सनद जगाला उद्देशून असते," मी म्हणालो. "म्हणून 'आम्ही' लिहा."

"म्हंजे बाहेरचा माणूस बाहेरच राहिला की."

पण शिक्षकाचा शब्द म्हणून त्यांनी 'आम्ही, या इमारतीचे रहिवासी' असे लिहिले. पहिल्या कलमानुसार पाण्याच्या दिवशी मोटर लावण्याचे कर्तव्य स्वतःकडे घेतले. कागद जिन्याजवळच्या फळ्यावर लावला आणि अमेरिकेच्या घटनेला जोडलेल्या पहिल्या दहा दुरुस्त्या ध्यानात ठेवून खाली लिहिले, 'कोणाची दुरुस्ती असल्यास आठ दिवसांत आणून द्यावी.'

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या सरोजाबाई मिक्सर घेऊन आल्या. "बटन अडकतंय अप्पा. बोर्डावर वाचलं म्हणून आणला."

अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला, बटण नीट केले आणि घटनेच्या वहीत गंभीरपणे नोंद केली: 'पहिली दुरुस्ती. मिक्सर. मंजूर.'

गौरी परीक्षेत उत्तीर्ण झाली. अप्पांनी आठही घरांत पेढे वाटले. उरला होता फक्त शपथविधी. त्याच्या आदल्या आठवड्यात ते शपथेचा इंग्रजी मजकूर घेऊन आले. "एवढं एक वाक्य सांगा सर. शब्द सगळे बघितले, पण जुळत न्हाईत."

मी वाचले आणि सवयीने मोठ्याने मराठी करू लागलो. "पूर्वीच्या देशावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडून…" तिथे थांबलो.

"सोडून," अप्पा म्हणाले. "हौद्री, बरोबर हाय. मला तसंच वाटलं होतं." कागदाची घडी घालून ते गेले.

त्या रविवारी मी काही कामासाठी त्यांच्याकडे बसलो होतो. अप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. गौरी सांगत होती, "आमच्याकडं लई बर्फ पडलाय अप्पा." म्हशीपासून टपालवाल्यापर्यंत सर्वांना धारेवर धरणारे अप्पा आता 'मला धरून, का सोडून?' विचारणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी फक्त "जप अव्वा" म्हटले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न त्यांनी साऱ्या गावाला विचारला, पण मुलीला एकदाही नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराची धास्ती असते, तो प्रश्न माणूस दुसऱ्यांना विचारत राहतो.

शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले. "बर्री सर, कूड्री." मी बसलो. टेबलावर चहा निवत होता. फोन वाजला.

"झाली शपथ, अप्पा."

"शाब्बास. हात वर केला होतास का नीट?"

"हो."

इतके रविवार प्रश्नोत्तरांत गेले होते आणि आता पुस्तिका संपली होती. अप्पा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"अप्पा," पलीकडून आवाज आला, "मोटर लावली का?"

"आँ?"

"रविवारी पाणी आलं होतं म्हणालात की. म्हंजे आज आपल्याकडं पाण्याचा दिवस. इसरलात ना?"

ते खरोखरच विसरले होते. स्वतःच्याच घटनेचे पहिले कलम त्यांनी मोडले होते. पण ते उठले नाहीत. फोनवर तळहात ठेवून माझ्याकडे वळले. "सर, काय म्हणाली?"

"आज पाण्याचा दिवस आहे, म्हणाली."

"त्याच्या आधी. कुणाकडं म्हणाली?"

"आपल्याकडं."

खालून सरोजाबाईंची हाक आली, "अप्पा, मोटर! नळ जाईल की!" तेव्हा कुठे ते फोन कानाला लावून, "आलो अव्वा, धर, ठेवू नकोस," असे म्हणत जिना उतरू लागले.

थोड्या वेळाने मी खाली गेलो. मोटर चालू होती. फळ्यावरच्या घटनेत पहिला शब्द खोडून वर 'आपण' लिहिले होते. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात नोंद होती: 'दुसरी दुरुस्ती. मंजूर.'

सनदेचा आरंभ असा करत नाहीत, हे मला आजही सांगता येईल. पण पुढचे क्रियापद बदलावे लागत नव्हते. वाक्य जसेच्या तसे चालत होते. खिशातले लाल पेन मी खिशातच ठेवले.