वर जाऊन आलेला दोरा

उत्तरायणाच्या दिवशी अख्खं बडोदं मान वर करून पतंग बघत असतं. आमच्या शेजारच्या शरयूताई मात्र हातात लांबलचक बांबू घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या असतात. बांबूच्या टोकाला वाकवलेली तार. कुठल्याही गच्चीवरून 'काप्यो छे!' अशी आरोळी उठली, की यांचे डोळे चमकतात. कापलेल्या पतंगाशी त्यांना काही घेणंदेणं नाही. त्यांना हवा असतो तो फांदीत अडकलेला दोरा.

शरयूताई विणकाम करतात. म्हणजे स्वेटर नव्हे. हॉलमध्ये, जिथे सभ्य माणसं सोफा ठेवतात, तिथे त्यांचा मोठा हातमाग आहे. तो पोटापाण्याचा. आणि जेवणाच्या टेबलाच्या जागी दुसरा, छोटा. तो स्वतःचा. त्यामुळे बाई जेवतात उभ्यानं, ओट्यापाशी. पाहुण्याला मागाच्या पलीकडे स्टुलावर बसून उभ्या धाग्यांच्या आडून बोलावं लागतं. तुरुंगात कुणाला भेटायला गेल्यासारखं वाटतं, फक्त आत कोण आणि बाहेर कोण ते शेवटपर्यंत कळत नाही.

छोट्या मागावर त्या अठरा वर्षं एकच कापड विणताहेत, पतंगाच्या दोऱ्याचं. एका वर्षाची एक वीतभर पट्टी, बस्स. एवढ्या वेळात माझ्या लेकीचं, बबीचं लग्न, घराचे दोन रंग आणि एक निवृत्ती उरकली. कधी संपणार विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "शांतिथी, वसंतराव, शांतिथी." बडोद्याच्या फतेगंजात जन्म गेलेल्या मराठी बाईच्या तोंडी 'सावकाश'चा तो गुजराती शब्द इतका मुरलाय, की त्या देवाच्या आरतीलासुद्धा शांतिथीच उभ्या राहतात.

त्यांचं पंचांगही वेगळं. पौषात दोरा झाडावर येतो. माघ-फाल्गुनात निंब पानं टाकतो आणि लपलेला दोरा दिसायला लागतो. मग पाखरं घरटी बांधायला घ्यायच्या आत झाड साफ. चैत्रात दोरा गरम पाण्यात सात वेळा धुवायचा, म्हणजे मांजाची काच निघून जाते. वैशाखात विणायचं. पावसाळ्यात माग बंद, कारण तेव्हा म्हणे दोरा हट्टी होतो. मग चार महिने तुम्ही करता काय, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "बघते." काय बघता? तर निंब. ओला निंब आणि वाळलेला निंब यांच्या हिरव्यात अकरा प्रकारचा फरक आहे, असं त्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला. मला दोनच दिसले, त्यातलाही एक शेवाळाचा निघाला.

धुतलेला दोरा त्या गालावरून फिरवून बघतात. एखादा काचेचा कण राहिला असेल तर बोटाला कळत नाही, गालाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे चैत्रात बाईंच्या गालावर मांजरानं बोचकारल्यासारखे ओरखडे असतात. नवीन माणूस घाबरतो. आम्ही सरावलो होतो.

आता त्या काचेत माझाही वाटा होता, हे कबूल करायला हवं. बाजव्याच्या कारखान्यातल्या नोकरीत मी साधा माणूस, पण पौषात फतेगंजात माझ्या मांजाला वचक होता. सरस, काचेची पूड आणि जांभळा रंग. तसला जांभळा दुसऱ्या कुणाला जमला नाही आणि मी कुणाला सांगितलाही नाही. दर वर्षी शरयूताई कुंपणापाशी यायच्या, माझ्या जांभळ्या दोऱ्यात गुंतलेलं कबुतराचं पीस समोर धरायच्या आणि माझा उद्धार करायच्या. मीही ऐकून घेणारा नव्हे. पतंग लढवायचा असतो ताई, ओवाळायचा नसतो, असं मी त्यांना सुनवायचो. आमची जुंपली, की माझी बायको मंगल एका हातात माझी फिरकी सांभाळत दुसऱ्या हातानं कुंपणावरून त्यांना तिळगूळ द्यायची. गोड बोला, एवढंच म्हणायची. आम्ही दोघं तिळगूळ खायचो आणि पुन्हा भांडायचो.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मंगल गेली. त्या उत्तरायणाला मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, खाली टीव्ही मोठा करून बसलो. पुढच्या वर्षीही तेच. फिरकी धरायला कोण होतं? आणि खरं सांगायचं तर वर बघावंसंच वाटत नव्हतं.

यंदा संक्रांत तोंडावर आली तेव्हा शरयूताई थेट घरात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, की माझ्यामुळे त्यांचं काम वर्षभर अडलंय, निंबावर जांभळा दोरा येत नाही. मला राग आला. मी माळ्यावरून जुनी फिरकी काढून त्यांच्यापुढे आदळली. घ्या म्हटलं, अख्खी घेऊन जा. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. फिरकीवरचा दोरा नुसता दोरा असतो, त्यांच्या कामाला वर जाऊन आलेला लागतो. मग मला त्या ओढतच छोट्या मागापाशी घेऊन गेल्या.

गुंडाळलेलं कापड त्यांनी उलगडलं. मी ते कधीच नीट पाहिलं नव्हतं. गुलाबी, पिवळ्या, पोपटी दोऱ्यांच्या वीत-वीतभर पट्ट्या, उन्हानं थोड्या विटलेल्या. आणि प्रत्येक पट्टीची सुरुवात माझ्या जांभळ्यानं. बोटभर, कधी दोन बोटं. एका पट्टीत तो जेमतेम दोन रेघा होता. बबीच्या लग्नाची खरेदी चालली होती त्या वर्षी, तुम्ही वर फारसे नव्हतात, त्या म्हणाल्या. मला तर ते आठवतही नव्हतं.

शेवटी एक पट्टी आली, तीत काहीच विणलेलं नव्हतं. नुसते उभे धागे, वीतभर. त्यापुढे काम थांबलेलं.

"हे मंगलवहिनींचं वर्ष," त्या म्हणाल्या. "एक वर्ष रिकामं सोडलं तर कापड सहन करतं, वसंतराव. लागोपाठ दुसरं सोडलं, तर ते धरत नाही. मधेच लोंबतं."

 घरी आलो आणि खुर्चीत बसून बराच वेळ रडलो. मग उठून जांभळा रंग शोधला.

उत्तरायणाला कुलूप काढलं. गच्ची धुतली. पतंग बांधला आणि फिरकी धरायला माणूस नाही म्हणून उभा राहिलो, तोच जिन्यात चपला वाजल्या. अठरा वर्षं पतंगांच्या नावानं बोटं मोडणारी बाई माझ्या गच्चीवर आली आणि तिनं निमूट फिरकी उचलली. सवयीनं दोरा गालावरून फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"काच नाही?"

"नाही."

त्यांनी तोंड निंबाकडे वळवलं. त्यांचे डोळे भरले होते, ते मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांना कळलं.

बिनकाचेच्या दोऱ्यानं लढायचं म्हणजे काय होणार! समोरच्या गच्चीवरच्या हसमुखबेननी, ज्यांना मी वीस वर्षं रडकुंडीला आणलं होतं, माझे पाच पतंग ओळीनं कापले. पाचव्याला त्यांनाच काळजी वाटायला लागली. "वसंतभाई, तबियत तो सारी छे ने?" असं त्यांनी तिथून ओरडून विचारलं. त्यांना काय माहीत, मी प्रत्येक पतंग मुद्दाम निंबाच्या डोक्यावर नेऊन पेच देत होतो. पाचही दोरे झाडावर पडले. मला लगेच बांबू हवा होता. पण शरयूताईंनी मला हातानंच थांबवलं. निंब पानं टाकेपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता.

फाल्गुनात झाड उघडं झालं. आम्ही दोघांनी दोरे काढले. धुवायला काच नव्हती, तरी त्यांनी सात वेळा धुतलेच. माझा जांभळा पार फिकटला, तर म्हणाल्या, आता कुठे बरा दिसतोय. मी कांडीवर दोरा भरून दिला, आणि त्या मागावर बसल्या तेव्हा मला राहवलं नाही. ती रिकामी पट्टी पुढेमागे सुईनं भरणार असाल, तर भरू नका, मी म्हटलं.

"ती भरायची नव्हतीच," शरयूताई म्हणाल्या. "जांभळा तिच्यापुढे हवा होता."

त्यांनी पहिला दोरा घातला, फणी ओढली. मंगलच्या त्या उभ्या धाग्यांतून पलीकडची खिडकी दिसत होती आणि खिडकीत निंबाची तांबूस, कोवळी पालवी. हिरव्याचे अकरा प्रकार मला अजून दिसत नाहीत, पण तांबड्याचे तीन तरी मी त्या दिवशी मोजले.

"कांडी संपत आली," त्या म्हणाल्या.

मी स्टूल मागाच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला ओढलं आणि दुसरी भरायला घेतली. शांतिथी.