सॅमसनकाकांची चौथी खुर्ची

सॅमसनकाकांच्या घरात खुर्च्या चार होत्या आणि बसायला तीन. चौथी खिडकीशेजारी, दाराकडे तोंड करून ठेवलेली असायची. सागवानी, वेताच्या बैठकीची, रुंद हातांची. नवखा माणूस घरात शिरला की नेमका तिच्याकडेच वळायचा, कारण बाकीच्या तिन्ही प्लास्टिकच्या. तो टेकणार एवढ्यात काका स्वयंपाकघरातून, पाठमोरेच, म्हणायचे, "ती बुक आहे."

काका हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत चौतीस वर्षं बसले होते. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, भाषा सुटली नाही. दूधवाला लेट चालायचा. लिफ्ट कायमची रद्द असायची. डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा म्हणाले, "आता मी आरएसी. गाडीत आहे, झोपायला जागा कधी मिळेल ते वरचा ठरवेल."

सई, निनाद, तुम्ही परवा व्हिडिओवर विचारलंत, आजी, हॉलमध्ये ती जुनी खुर्ची कुणाची आणि तू तिच्यावर कधीच का बसत नाहीस? मी तुमच्या परीक्षेचा विषय काढला. खरं म्हणजे मला लाज वाटली. आता लिहून सांगते, लिहिताना तोंड दिसत नाही. मराठी वाचायला जड गेलं तर आईला वाचून दाखवायला सांगा, पण इंग्रजीत करून मागू नका.

काका ज्यू होते. आमच्या नल्लकुंट्यात मराठी बोलणारा ज्यू कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले, स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे. आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. वडील रेल्वेत लागले आणि इकडे आले. काकांची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होती, मधेच सुटणारा एखादा दखनी 'हौ' किंवा 'नक्को' सोडला तर.

खुर्ची बुक होती ती एलियाहू हनाबीसाठी. हनाबी म्हणजे प्रेषित. ज्यूंच्या श्रद्धेप्रमाणे हा प्रेषित मेलाच नाही, अग्नीच्या रथातून जिवंतपणी वर गेला. जगाचा तारणारा येण्याआधी तो परत येणार आहे. तोवर अधूनमधून गरीब वाटसरूच्या वेषात खाली चक्कर टाकून जातो. काका सांगायचे की वर जाताना त्याचा रथ कोकणात एका खडकावर टेकला होता, चाकांच्या खुणा आजही दिसतात. "हैदराबादला मात्र अजून हॉल्ट दिलेला नाही," असं वर खेदानं म्हणायचे.

आमच्या इमारतीत याच प्रेषितावर हक्क सांगणारे आणखी दोघं होते. तळमजल्यावरच्या मार्था सिस्टर, निवृत्त नर्स, ख्रिस्ती. आणि कादरभाई, ज्यांचं शिलाईचं दुकान आमच्या फाटकाला लागून. संध्याकाळी सहाला हे तिघं पायरीवर जमायचे आणि एलियाहूचा खटला चालायचा.

सिस्टर म्हणायच्या, "काका, आपका एलीया तो आके गया." बाप्तिस्मा देणारा योहान आला, तो एलीयाच्याच आत्म्यानं आणि बळानं आला, असं त्यांचं बायबल सांगतं. पुढे डोंगरावर येशू तेजानं उजळला तेव्हा मोशेबरोबर एलीया स्वतः शेजारी उभा होता. काम झालं, आता कुर्सी कायकू?

कादरभाई तोंडातली टाचणी काढून बोलायचे. इलियास अलैहिस्सलाम हे नबी, कुराणात त्यांच्यावर सलाम आहे. बाल नावाच्या देवाला भजणाऱ्या लोकांना त्यांनी एका अल्लाची आठवण करून दिली, हा त्यांचा मोठेपणा; परत येण्याची कामगिरी त्यांच्याकडे नाही. मात्र कादरभाईंच्या दादीनं सांगितलेलं थोडं वेगळं होतं. इलियास कोरड्या जमिनीवर वाट चुकलेल्यांना रस्ता दाखवत फिरतात, पाण्यावर ख्वाजा खिज्र फिरतात, आणि वर्षातून एकदा दोघांची भेट होते. "उनो गएच नहीं काका, तो आते कहाँ से?"

काका दोघांचं ऐकून घ्यायचे. "म्हणजे सिस्टरची गाडी येऊन गेली. कादरभाईंची लाइनवर फिरतेय. माझी लेट आहे. गाडी एकच." कितीक लेट, असं कादरभाई विचारायचे. "अनाउन्स झालेलं नाही."

मी वरून, बाल्कनीतून ऐकायचे. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, त्यामुळे बायबलातला संदर्भ चुकला की वरूनच दुरुस्त करायचे. तिघंही मान वर करून "हौ मॅडम" म्हणायचे आणि मी आत गेल्यावर पुन्हा चुकीचाच संदर्भ घेऊन पुढे जायचे.

थंडी सरताना काकांकडे एलियाहूचा उरुस असायचा. तेही त्याला उरुसच म्हणायचे, कादरभाईंना याचं फार कौतुक. मोठ्या ताटात मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. प्रार्थनेला खरं म्हणजे दहा ज्यू पुरुष लागतात. तेवढे काकांना हैदराबादेत कधी मिळाले नाहीत, मग ते आम्हालाच मोजायचे. तुमचे आजोबा असेपर्यंत चौथ्या नंबरावर होते. दहा भरले की काका म्हणायचे, "चार्ट तयार," आणि एकटेच, बऱ्याच मोठ्यानं, हिब्रूत गायला लागायचे.

इथवर सगळं गोड आहे. आता शुक्रवारचं सांगते.

ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो. त्या जेवणाला पाहुणा असावा, अशी काकांची रीत. म्हणून दर शुक्रवारी दुपारी ते काचीगुड्याला जायचे आणि गाडी चुकलेला एक माणूस घेऊन यायचे. कुणीही. नांदेडचा चादरी विकणारा. परीक्षेला आलेली दोन मुलं. एकदा एक भगव्या कपड्यातले महाराज, ज्यांनी तळलेला मासा दोनदा मागून घेतला. वाटसरूच्या वेषात कोण असेल सांगता येत नाही, हे काकांचं म्हणणं. त्यातला एक जाताना काकांची छत्री घेऊन गेला. मी म्हटलं, बघा. काका म्हणाले, "तो असेल तर छत्री त्याचीच होती. तो नसेल तर त्याला गरज होती."

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या कारकिर्दीत पाण्याच्या टाकीला कुलूप आलं, चपला ठेवायच्या जागेवर नंबर आले. अनोळखी माणसं जिन्यातून वर जातात, अशी दोन घरांनी तक्रार केली आणि मला, खरं सांगते, आनंदच झाला. मी तीन भाषांत नोटीस तयार केली. पाहुण्याचं नाव आधी रजिस्टरमध्ये लिहावं. ओळख नसलेल्या माणसाला वर नेऊ नये. नोटीस वाचायला गच्चीवर सभा बोलावली.

त्या आठवड्यात काकांकडे रंगकाम चाललं होतं आणि सामान बाहेर पॅसेजमध्ये ठेवलं होतं. वॉचमन यादय्या घराघरातून खुर्च्या गोळा करत होता. माझ्यासाठी त्यानं प्लास्टिकची आणली. मी म्हटलं, माझ्या पाठीला ती चालत नाही, ती लाकडी आण. तो घुटमळला. म्हणाला, "काका की कुर्सी है अम्मा, नक्को."

मी म्हटलं, खुर्ची खुर्चीच असते. आण.

मी ती ओळखली नव्हती असं तुम्हाला लिहिता आलं असतं. पण ओळखली होती. बावीस वर्षं मी त्या घरात ती टाळून बसत आले होते. त्या संध्याकाळी मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईनं किती दिवस हा पोरखेळ चालवायचा? मी गच्चीच्या दाराकडे पाठ करून बसले, हात रुंद हातांवर ठेवले आणि वाचायला लागले.

काका उशिरा आले. जिना चढून दारात थांबले ते मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मार्था सिस्टर मान खाली घालून बांगडी फिरवत होत्या. काका पुढे आले, कठड्याला टेकून उभे राहिले. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी बसले नाहीत. चाळीस मिनिटं. मी विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का? काका म्हणाले, "नाही मॅडम. नियम म्हणजे नियम. मी काउंटरवर हेच सांगत आलो."

पुढच्या शुक्रवारी ते काचीगुड्याला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पायरीवरचा खटलाही थंडावला. कादरभाई माझा ब्लाउज वेळेवर द्यायचे, पण तोंडातली टाचणी काढायचे नाहीत.

दोन महिन्यांनी मी सवयीप्रमाणे रजिस्टर तपासायला घेतलं. प्रत्येक शुक्रवारी, आरक्षणाच्या फॉर्मवर असतं तशा सुटसुटीत अक्षरात, एक नोंद होती. पाहुण्याचं नाव: एलियाहू. कुठून: वरून. कोणाकडे: ३०४. ओळख: नाव ऐकून आहे. येण्याची वेळ रिकामी. असे आठ शुक्रवार.

पहिल्यांदा मी हसले. मग रजिस्टर तसंच हातात घेऊन वर गेले.

काकांनी दार उघडलं. शुक्रवार होता, टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. त्यांनी तीन खुर्च्यांकडे हात केला. मला बसवेना. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी ओळखून बसले होते."

"माहीत आहे. यादय्या रडत होता," ते म्हणाले. "पण एक सांगू मॅडम? मी जिना चढून आलो तर खुर्चीत कुणीतरी पाठमोरं. मला न विचारता बसलेलं. वाटलं, आला. मग तुम्ही रजिस्टरचा नियम वाचायला लागलात."

"मग उठवलं का नाही मला?"

"म्हटलं, खात्री कुठे आहे? नोटीस वाचायला कशाला येईल, असं मनात येत होतं. पण तो काय सांगून येतो?"

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता ते खुर्चीच्या हातावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसावी तशी सदऱ्याच्या बाहीनं पुसत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

ज्यू मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. त्या वेळी एक खुर्ची एलियाहूची मांडतात, कारण प्रत्येक बाळाच्या विधीला तो हजर असतो. बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात. काका आणि सिपोराकाकू यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला. काकांनी त्याच दिवशी काचीगुड्याच्या एका दुकानातून, ऐपतीबाहेरची, ही खुर्ची आणली. मुलगा सहाव्या दिवशी गेला.

"मी दुकानात परत करायला निघालो होतो," काका म्हणाले. "सिपोरानं खुर्चीचा हात धरला. म्हणाली, एलियाहूला निरोप कुणी पाठवलाय? तो तर निघालाही असेल. आला आणि बसायला जागा नसली तर?"

सिपोराकाकू मी इथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. पस्तीसेक वर्षं हा माणूस एका पाहुण्याची जागा धरून होता, ज्याला समारंभ रद्द झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं. आणि मी त्या खुर्चीत बसून अनोळखी माणसांना बंदी करणारी नोटीस वाचली होती. तीन भाषांत.

त्या रात्री दुसऱ्या ताटावर मी जेवले. नोटीस दुसऱ्या दिवशी स्वतः काढून टाकली. काका पुन्हा काचीगुड्याला जायला लागले, पण गुडघे थकले होते, पूर्वीसारखं जमेना. मग शुक्रवारी वाटसरू म्हणून बहुतेक वेळा मीच असायचे.

गेल्या थंडीत ते गेले. ठाण्याहून भाची आली. तिनं पुस्तकं आणि चांदीचा पेला नेला, आणि खुर्ची माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाली, "मामा सांगून गेलेत, ही मॅडमना द्या. त्या नियमाच्या पक्क्या आहेत, कुणाला बसू देणार नाहीत." तिला ते कौतुक वाटलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

मी काही काकांसारखी झाले नाही, हेही सांगून टाकते. बेल वाजली की अजून आधी दाराच्या भोकातूनच बघते. स्टेशनवर जाऊन कुणाला आणण्याची माझी छाती नाही. सेक्रेटरीही आता मी नाही, पुण्याहून आलेली एक तरुण इंजिनियर ते काम बघते. रजिस्टर मात्र अजून आहे. परवा तिनं विचारलं, "काकू, हे एलियाहू कोण? दर शुक्रवारी नाव असतं, येत तर कधीच नाहीत."

मी म्हटलं, निघालेत.

ते ३०४ नंबरच शोधत येतील. जागा बदललीय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. म्हणून नोंद करताना मी माझ्या घराचा २०२ हा आकडा जरा मोठा काढते.