पितळेची सवत

"बंदूक खोटं बोलत नसते, पुंजाराम. बोललंच तर माणूस बोलतं." शाळेत कवायत शिकवणारे यादव हवालदार हे म्हणाले त्याला वीसेक वर्षं लोटली, पण तो खर्जातला आवाज पुंजारामच्या कानात बारुदाच्या वासासकट राहून गेला होता.

म्हणूनच गेल्या साली तीनशे मीटरच्या स्पर्धेत तो शेवटचा आला, तेव्हा त्यानं बंदुकीला सोडून दोष दिला काडतुसाला. आता एक्याऐंशी साल उजाडलं होतं. यंदाही नेम हुकला तर क्लबातली रायफल दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

महिनाभर नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. हलक्या गोळीचं काडतूस वेगानं जातं, पण वाऱ्याला भुलतं. जड गोळीचं वाऱ्याला दाद देत नाही, पण खांदा सुजवतं. विलायती सगळ्यात गुणी, पण मिळता मिळत नाही. जेवताना तिन्ही ताटाशेजारी उभी असायची. बायको गोजराबाई मेथी निवडता निवडता गुणगुणायची:

सवत माझी पितळेची, अंगानं ती सडपातळ
ताटापाशी राही उभी, ना तिला भूक, ना कळ

रविवारी चाचणी होती. संध्याकाळपर्यंत काडतूस ठरवून सेक्रेटरी रावजींना सांगायचं होतं. निशाणामागच्या खंदकात बसून गोळी कुठं लागली ते काठीवरच्या तबकडीनं दाखवणारा माणूस तापानं पडला, म्हणून मखमलाबादहून गोजराबाईचा भाऊ सहादू आला. झेंडूचे मळे सोडून तो पहिल्यांदाच असल्या कामाला बसला होता.

पुंजारामनं हलकं काडतूस झाडलं. तबकडी मधोमध. जड झाडलं, मधोमध. विलायतीही मधोमध. त्यानं पुन्हा दुर्बीण पुसली, धुक्याला शिव्या घातल्या, पुन्हा झाडलं. मधोमध.

रावजी म्हणाले, घ्या की कुठलंही, तिन्ही सोन्यासारखी आहेत.

"तिन्ही सारखी कशी असतील?" पुंजाराम कावला. "मग मी महिनाभर काय केलं?"

रायफल रिकामी करून तो कपाळ चोळत पडून राहिला. तेवढ्यात आग्रा रोडवर एका ट्रकचा टायर फुटला.

खंदकातून तबकडी डौलानं वर आली. मधोमध.

सगळे खंदकाकडे चालत गेले. जेवणाचा डबा घेऊन आलेली गोजराबाईही मागोमाग. सहादू निशाणाकडे पाठ करून, टॉवेल तोंडावर ओढून, डोळे मिटून बसला होता. निशाणाचा कागद कोरा करकरीत.

"आक्कानं सांगितलं व्हतं, दाजी," तो टॉवेलातूनच म्हणाला. "कुठं बी मारू दे, तू मधीच दाखव. एकदाचं काडतूस ठरू दे म्हणली. अन् मला तर लय भ्या वाटत व्हतं."

पुंजारामनं वळून बायकोकडे पाहिलं. तिनं डबा खाली ठेवला, पदर सारखा केला.

"काडतूस राहू द्या, आधी चष्मा घ्या," ती म्हणाली. "मंगळवारी भाजीबाजारात तुम्ही मला हात जोडलेत. 'बऱ्या आहात ना वहिनी?' म्हणालात. मी 'हो' म्हटलं आणि मेथी घेऊन घरी आले."