मामांची खुर्ची

सेतुमाधवनला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी एक काम विश्वासानं सोपवलं होतं, आणि ते काम खुर्ची राखण्याचं होतं.

भाचीचं, वृंदाचं, लग्न होतं. तिची आई देवयानी ही सेतूची थोरली बहीण, त्याची चेची. तिनं आदल्या संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सेतू, तू मुलीचा मामा. उद्या मुलाच्या मामांना पहिल्या पंक्तीत बसवून पोटभर जेवू घालायचं, एवढं एकच तुझ्याकडे. मुलाला वडील नाहीत. त्या घरात मामा म्हणतील ती पूर्व."

"पण चेची, मी त्यांना ओळखत नाही."

"साखरपुड्याला आले होते म्हणे."

"मी गाड्या लावून घेत होतो."

"मलाही चेहरा आठवत नाही," चेची म्हणाली. "पण मोठं प्रस्थ असणार. त्यांची आई सांगत होती, हजारो माणसं आमच्या केशवनचं ऐकतात. करतात काय कोण जाणे. तू फक्त घोळ घालू नकोस."

घोळ घालू नकोस हे सेतूला लहानपणापासून सगळेच सांगत आले होते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तो ओट्टपालमच्या ग्रंथालयात कामाला होता. तिथं 'शांतता राखा' हे सांगायचं कामसुद्धा त्याच्या डोक्यामागची पाटी करायची. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. आमच्याकडे लग्न लागायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट वेळ माणसं जेवणघराच्या दाराशी उभी असतात. दार उघडलं की आजारी माणूससुद्धा धावतो. अशा ठिकाणी सेतू कायम "तुम्ही पुढं व्हा" म्हणत शेवटच्या पंक्तीला पोचायचा, आणि तोवर गोडाचं पायसम संपलेलं असायचं. त्याची बायको सुभद्रा सांगायची, "स्वतःच्या लग्नातसुद्धा हे शेवटच्या पंक्तीला जेवले. मी हात धुऊन यांची वाट बघत बसले होते."

पण गेले दोन महिने सेतू बदलत होता. रोज पहाटे तो फोनवर आत्मविश्वासाचे धडे ऐकायचा. शिकवणाऱ्याचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. पडद्यावर उगवत्या सूर्याचं चित्र आणि मागं एक आवाज. आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ व्हावी. प्रत्येक धडा एकाच वाक्यानं सुरू व्हायचा, "मित्रा, आधी श्वास घे." मग छाती पुढं, नजर समोर, विचारू नकोस, सांग. 'नाही म्हणायला शिका' हा धडा अजून आला नव्हता. पण 'सांग' इथपर्यंत सेतू पोचला होता.

मंगळसूत्राची ताळी बांधून झाली, नादस्वरमचे सूर थांबले आणि जेवणघराचं दार उघडलं. सेतूनं श्वास घेतला आणि मुसंडी मारली. दोन म्हातारे आणि एक फौजदार यांना मागं टाकून त्यानं मुलाकडच्यांच्या ओळीतली बरोबर मधली खुर्ची धरली. सुभद्रा लांबून बघतच राहिली.

खुर्ची मिळवणं सोपं, राखणं कठीण. आमच्याकडे खुर्चीवर रुमाल टाकला, तर माणूस रुमालानं तोंड पुसून बसतो. चौघांना परतवल्यावर सेतूनं ठरवलं, मामा येईपर्यंत आपणच बसून राहावं. तो बसला. समोर केळीचं पान मांडलं गेलं, आणि बसलेल्या माणसाला वाढायचं एवढंच ठाऊक असलेल्या वाढप्यांनी पानावर मीठ, लोणचं, अवियल, ओलन सगळं मांडून भातही घातला.

एवढ्यात एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"ही जागा मुलाच्या मामांची आहे," सेतू ठणकावून म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

त्या माणसाचा चेहरा उजळला. त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हो, तुम्हालाच! तुम्हालाच सांगतोय. मागं व्हा!"

माणूस मागं झाला, पण गेला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून तसाच उभा राहिला. पुढच्या पंक्तीची जागा धरायला लोक असेच मानेवर श्वास सोडत उभे राहतात. एरवी सेतू निम्म्या जेवणातून उठून जागा द्यायचा. आज त्यानं मान वळवली.

"नुसते उभे काय राहता? दिसत नाही, माणसं सांबारासाठी ताटकळलीत? ती बादली घ्या आणि पलीकडच्या ओळीत वाढा."

माणसानं इकडंतिकडं पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग कमरेचं मुंडू वर खोचलं, बादली उचलली आणि तो खरोखरच वाढायला गेला. सेतूच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्याचं सांगणं आजवर घरच्या मांजरानंही ऐकलं नव्हतं. गडी परत आला तेव्हा सेतूनं त्याला रसम घेऊन पाठवलं, मग पाणी, मग पुन्हा सांबार. "जरा हात चालवा," असंही म्हणाला. आणि भात वाया जायला नको म्हणून स्वतः दोन घास खाल्ले. दोनाचे चार झाले.

जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं, की अख्ख्या ओळीत आपण एकटेच जेवतोय. मुलाकडची सगळी मंडळी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"आमचा केशवन कुठाय?" मुलाची आजी विचारत होती. "तो बसल्याशिवाय आमच्यात कुणी पानाला हात लावत नाही."

देवयानी चेची धावत आली. "सेतू! मामा कुठेत?"

"आले नाहीत अजून. मी जागा राखतोय."

"जेवून?"

सेतूनं घास कसाबसा गिळला. ओळीत कुजबुज सुरू झाली. मामा रागावून निघून गेले. स्वागताला कुणी गेलं नसेल. मुलीकडच्यांना पद्धतच नाही. वृंदाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि तिचा नवरा घाईघाईनं मामांना फोन लावू लागला.

फोन वाजला. बासरीची धून होती, आणि ती सेतूच्या पाठीमागून, पलीकडच्या ओळीतून येत होती. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. किडकिडीत माणसाच्या एका हातात सांबाराची बादली होती, दुसऱ्या हातात डाव. फोन कमरेला वाजत होता आणि घ्यायला हात मोकळा नव्हता.

"केशवन!" आजी किंचाळली. "तू वाढतोयस?"

धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते कशासाठी, हे सेतूला त्या क्षणी कळलं. त्याचे कान तापले. उठायचं, एवढं एकच त्याला सुचलं. पान अर्धं टाकून उठू नये म्हणून त्यानं घाईघाईनं ते मिटलं, आणि मिटलं ते स्वतःकडे नाही, समोरच्या बाजूला. लग्नात पान आपल्याकडे मिटायचं, हे आमच्याकडे शाळेत जाण्याआधी शिकवतात. समोर मिटतात ते फक्त तेराव्याला.



"कोण गेलं?" आजीनं विचारलं.

आता मात्र मुलाकडचे उठायलाच लागले. "मामांना बादली उचलायला लावता आणि वर असलं पान मिटता!" कुणीतरी ओरडलं. चेचीनं कपाळावर हात मारला. सेतूला माफी मागायची होती, पण दोन महिन्यांचे सगळे धडे मिळून तोंडातून एक अक्षर निघेना.

तेवढ्यात त्या किडकिडीत माणसानं पुढं येऊन बादली खाली ठेवली. बोलायचा प्रयत्न केला, ओठ हलले, पण एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे दिसताच कपाळावर घाम फुटला. मग तो वाकला, सेतूचं ते उष्टं पान स्वतःच्या हातानं उलगडलं आणि नीट, सावकाश, सेतूच्या बाजूला मिटलं. हात जोडले आणि घाईघाईनं नळाकडे निघून गेला.

आजीनं त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग पानाकडे. "केशवनला राग नाही, तर आपल्याला कशाला?" ती म्हणाली आणि तिनं भात कालवला. तिच्यामागं सगळी ओळ जेवू लागली.

लग्न वाचलं. सेतू वाचला नाही. तो मांडवामागं, विळ्या धूत होते तिथं जाऊन उभा राहिला. एका मोठ्या माणसानं आपलं उष्टं उचललं, या विचारानं त्याला वर बघवेना. पूर्वीचा भित्रा सेतू निदान कुणाचा अपमान करत नव्हता, असं त्याला वाटलं, आणि ते जास्तच झोंबलं.

सुभद्रानं त्याला शोधून काढलं. "इथं काय करताय?"

"लाज वाटतेय गं."

"वाटायलाच हवी. पण ते अजून जेवले नाहीत. शेवटच्या पंक्तीत कोपऱ्यात बसलेत. चेचीनं तुम्हाला काम दिलं होतं, आठवतंय ना? जा."

शेवटच्या पंक्तीत इनमीन दहा माणसं होती. सेतू कोपऱ्यात जाऊन मामांच्या शेजारी बसला. तिथं कुणी बघत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं.

"मा... मामा, मी..." त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मी तुम्हाला... ते सांबार..."

मामांनी पानावरची नजर न उचलता हलकेच म्हटलं, "मित्रा, आधी श्वास घे."

सेतूची पाठ आपोआप ताठ झाली.

तोच आवाज. उगवत्या सूर्यामागचा.

"तुम्ही? ते... रोज पहाटे..."

मामा कानापर्यंत लाल झाले. "कुणाला सांगू नका," ते पुटपुटले. "खोलीचं दार लावलं, समोर फक्त फोन ठेवला, की मला बोलता येतं. माणसं दिसली की संपलं. मघाशी तुम्ही 'विचारू नकोस, सांग' अगदी बरोबर केलंत. मला फार बरं वाटलं. नाही कसं म्हणायचं, ते मात्र मला येत नाही. म्हणून तर तो धडा निघत नाहीये."

दोघं खाली मान घालून जेवले. सांबार गार होतं. केळ्याच्या चकत्या संपल्या होत्या. अखेरीस पानं मोकळी झाली आणि पायसमची वेळ आली; पण वाढपी भांडी आवरायला लागले होते. समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, पायसमचं पातेलं होतं. तळाला चांगलं चार बोटं उरलेलं दिसत होतं. एक वाढपी ते उचलून आत न्यायला निघाला.

मामांनी पातेल्याकडे पाहिलं. सेतूनं मामांकडे पाहिलं. मामांच्या घशाचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. "राहू दे," ते म्हणाले. "मला तसं फारसं आवडत नाही." हे वाक्य सेतू स्वतः इतक्या लग्नांत बोलला होता, की त्याला ते पाठ होतं.

मामांना पोटभर जेवू घालायचं, एवढं एकच काम होतं.

सेतू उठला. छाती पुढं नव्हती, नजर समोर नव्हती. "अहो," तो म्हणाला. वाढप्याला ऐकू गेलं नाही. "अहो, भाऊ!" आवाज चिरका निघाला आणि चारजणांनी वळून पाहिलं. "जरा... पायसम मिळेल का? मुलाचे मामा जेवताहेत. माझ्यामुळं मागं राहिले ते."

"मग आधी नाही का सांगायचं!" वाढपी म्हणाला आणि त्यानं पातेलं आणून दोघांच्या पानांवर अख्खं उपडं केलं.

मामांनी पायसम हातानं गोळा करून खाल्लं, मनगटापर्यंत ओघळलेलंही चाटलं. मग पान मिटलं. सेतूनंही मिटलं, दोनदा खात्री करून, आपल्याकडे. मामा भारावून त्याच्याकडे वळले.

"एवढ्या लोकांसमोर," ते म्हणाले. "आणि चूक आपली आहे हेसुद्धा सांगून टाकलंत. कसं जमलं तुम्हाला?" मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "रोज पहाटे थोडा वेळ मला शिकवाल?"

सेतू घामाघूम झाला. आपल्याला यातलं काही म्हणजे काहीच येत नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण नाही म्हणायचा धडा अजून आला नव्हता.

"हो," तो म्हणाला.