अकोल्याचा पडदा मोठा हाय

आमच्या पूर्णाकाकूंनी टाकीजमध्ये बसून आजवर एका खलनायकाला चप्पल दाखवली आहे, एका हिरॉइनीला "मांगं पाय वं, तो सुरा घेऊन उभा हाय!" म्हणून वेळेवर सावध केलं आहे, आणि एका मरता मरेना अशा म्हाताऱ्याला "आता मर न बाप्पा, लोकाईले घरी जाचं हाय," असा सल्ला दिला आहे. म्हातारा पुढच्याच मिनिटाला गेला. "ऐकते मानूस," काकू समाधानानं म्हणाल्या आणि लुगड्याच्या ओच्यातून शेंगा काढल्या.

अमरावतीत गाव संपता संपता काकूंचा फुलांचा मळा आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध. मळ्यातच घर, आणि त्यांच्या कुंपणाला लागून आमचं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू पासष्टीच्या आहेत, पण पहाटे फुलं तोडायला वाकल्या की बरोबरच्या बायका दमतात आणि ह्या बोलत राहतात. मी शाळेत शिकवते, म्हणून मी 'म्याडम'. नऊ वर्षं झाली शेजारी राहून, माझं नाव विचारायची त्यांना गरज पडलेली नाही.

त्यांचं एक पालुपद आहे : "मले काय कराचं!" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की समजावं, काकू आता त्या प्रकरणात पडणार. गल्लीतली एक सून रुसून माहेरी गेली. काकू म्हणाल्या, "मले काय कराचं!" आणि दुसऱ्या दिवशी अंजनगावला जाऊन सुनेला घेऊन आल्या. येताना सुनेच्या आईशी भांडूनही आल्या. एका खेपेत दोन कामं.

सिनेमाला काकू एकट्या जात नाहीत. आमच्या यजमानांनी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं. मध्यंतरात ते जे 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून उठले, ते थेट घरी सापडले. तेव्हापासून हे पद माझ्याकडे आहे. काकू चपला सीटखाली काढून मांडी घालून बसतात. दारावर पिशवी तपासतात म्हणून शेंगा लुगड्याच्या ओच्यात येतात. आणि परीक्षण चालू होतं. त्यांना अभिनय कळत नाही, काम कळतं. नट भाकर कशी मोडतो, नटी फडं, म्हणजे केरसुणी, कसं धरते. एका गाण्यात नायिका बागेत फुलं तोडत गिरक्या घेत होती. काकू उभ्याच राहिल्या. "देठ ठेव वं बयताडे! मुंडकं तोडलं तं हार कशात ववशील?" मागचा माणूस म्हणाला, "आजी, खाली बसा." काकू म्हणाल्या, "तू सांग तिले मंग."

आता मुख्य गोष्ट. काकूंना एकुलती एक मुलगी आहे. वैशू. अकोल्याला दिलेली. तिला मी फक्त फोटोत पाहिलं होतं. लग्नाआधीचा फोटो, काकूंच्या ओसरीत टांगलेला. चोवीस वर्षांची सडपातळ पोरगी आणि पुढे घेतलेली कमरेपर्यंतची वेणी. या मायलेकी अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. कारण विचाराल, तर मच्छर.

हसू नका. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. वैशूला दिवस गेले तसं काकूंनी मागची खोली चुन्यानं रंगवून घेतली, बाज विणून घेतली, शेकासाठी गोवऱ्या भरल्या, डिंक आणून ठेवला. सातव्या महिन्यात लेकीचा फोन आला, "माय, मी अकोल्यातच राह्यतो. इथं दवाखाना जवळ हाय. अन् आपल्या मळ्यात मच्छर लय हायेत, लेकराले चावतीन."

"माह्या घरात मच्छर हायेत म्हने!" काकू आजही हे ताजं असल्यासारखं सांगतात. "अन् अकोल्यात काय मच्छराईले गावबंदी हाय?"

काकू बारशाला गेल्या नाहीत. आई बारशाला आली नाही म्हणून लेक दिवाळीला आली नाही. लेक दिवाळीला आली नाही म्हणून काकू संक्रांतीला गेल्या नाहीत. असं करत करत अकरा वर्षं. मधल्या मधे कोणी नातेवाईक मोबाईलवर वैशूचा नवा फोटो दाखवायला गेला, तर काकू लगेच म्हणायच्या, "चष्मा नाई माह्याजवळ." चष्मा डोळ्यांवर असायचा.

तर मागच्या हिवाळ्यात टाकीजला एक सिनेमा लागला. तुटलेल्या मायलेकी, वीस वर्षांनी लेक परदेशातून येते, भेट होते, रडारड होते, गाणं होतं, असा एकूण प्रकार. मला पोस्टर पाहूनच धास्ती वाटली. काकू म्हणाल्या, "म्याडम, आयतवारी जाऊ."

पहिल्या अर्ध्या तासातच काकूंनी सिनेमातल्या आईला फैलावर घेतलं. ती बिचारी रेशमी पातळ नेसून खिडकीत उभी राहायची आणि उसासे टाकायची. "खिडकीत काय उभी राह्यतं वं बुढे? जा न! पाय मोडले काय तुहे? लेक हाय थे तुही, सवत नाई!" अख्खं टाकीज हसत होतं. मी सोडून. मी काकूंकडे पाहत होते. त्या रागानं लाल झाल्या होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसून पुन्हा शिव्या देत होत्या.

परत येताना स्कूटीवर मी जीव मुठीत धरून म्हटलं, "काकू, तुम्ही तिला सांगत होता, ते तुम्हीच का नाही करत? अकोला काही परदेश नाही."

मागे काकू माझा खांदा धरून सावरून बसल्या. मग, "मले काय कराचं!"

चार दिवसांनी कुंपणावरून हाक आली. "म्याडम, थो सिनेमा पुन्ना पाहाचा हाय. अकोल्याले."

"अकोल्याला? इथे चालूच आहे की!"

"इथचा पडदा लहान हाय. अकोल्याचा पडदा मोठा हाय."

मी शिक्षिका आहे. मुलं गृहपाठ न करण्याची जी कारणं देतात, ती मी रोज ऐकते. पण इतकं फालतू कारण इतक्या ठाम चेहऱ्यानं कोणी दिलं नव्हतं. मी गेले. एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत काकूंनी शेजारच्या बाईला सिनेमाची सगळी गोष्ट सांगून टाकली. शेवटासकट.

अकोल्यात दुपारी बाराचा खेळ. आणि मी पाहिलं तर काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या. दारातून कोणी बाई आत आली की मान वळायची. मध्यंतरात पायऱ्यांवर उभ्या राहून त्यांनी येणारीजाणारी प्रत्येक पोरगी डोळ्यांखालून घातली. तोंड मात्र सवयीनं चालूच होतं, पण शिव्यांत जीव नव्हता.

बसमध्ये मी विचारलंच. तेव्हा काकूंनी योजना फोडली. वैशूला लहानपणापासून सिनेमाचं वेड. रविवारी बाराचा खेळ तिनं कधी चुकवला नाही, आणि तिचं घर त्या टाकीजपासून हाकेच्या अंतरावर.

"अहो, मग घरीच जाऊ ना."

"तुमाले समजत नाई, म्याडम. मी तिच्या घरी गेली तं मी हारली. वैशू मळ्यात आली तं वैशू हारली. टाकीजात कोनी कोनाकडं जात नाई. दोघी बी सिनेमाले आलेल्या. भेट झाली तं झाली."

अकरा वर्षं विचार करून काढलेला तोडगा होता तो. त्यात चूक काढायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा अकोला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. माझ्या यजमानांना वाटायला लागलं, की मी अकोल्यात प्लॉट बघतेय. टाकीजचा दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, तुमाले पिच्चर पाठ झाला असंन." "झाला," काकू म्हणाल्या, "तुमी म्हना तं बोलून दाखवतो." त्या तिसऱ्या रविवारी काकू एका लांब वेणीच्या पोरीमागे पार रस्त्यापर्यंत गेल्या. पोरगी वळली. कॉलेजातली कोणी होती, विशीचीसुद्धा नसेल. काकू परत आल्या आणि म्हणाल्या, "दुसरीच हाय." घरी पोचेपर्यंत त्या दिवशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला भीती वाटली. भांडणारी बाई गप्प झालेली मला बघवत नाही.

चौथा रविवार शेवटचा होता. शुक्रवारी सिनेमा उतरणार होता. टाकीज जवळजवळ रिकामं. आमच्या अगदी पुढ्यात, इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना, एक बाई येऊन बसली. चांगली भरलेल्या अंगाची, मानेपर्यंत कापलेले केस. सोबत दहा-अकरा वर्षांची पोरगी. काकूंचं डोकंच फिरलं.

"ओ बाई! साऱ्या टाकीजात तुमाले हेच खुर्ची सापडली काय? डोकं तिकडं घ्या जरा!"

बाईनं मागे पाहिलं नाही. डोकं निमूटपणे बाजूला घेतलं.

सिनेमा सुरू झाला. रेशमी पातळवाली आई खिडकीत आली, उसासा टाकला. काकू तिला म्हणाल्या, "उभी राय. तशीच उभी राय जलमभर. येते तुही लेक आता!" राग नव्हताच त्यात. थकलेला आवाज होता. आणि माझ्या लक्षात आलं, की पुढच्या बाईचे खांदे हलताहेत.

मध्यंतर झालं. दिवे लागले तरी ती बाई तोंड झाकून तशीच. पोरगी घाबरून "मम्मी, मम्मी" करायला लागली. काकू पुढे वाकल्या. माणूस रडताना दिसलं, की त्यांचा राग कुठल्या कुठे जातो.

"काय झालं वं बाई? म्याडम, पानी द्या इले. रडू नोको, बाई. सिनेमा हाय थो, शेवटी होते सारं बराबर. मी पाह्यला हाय."

बाईनं बाटली घेतली. प्यायली नाही. हातात धरून मागे वळली.

"माय," ती म्हणाली.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मी सांगते, त्यांनी ओळखलं नव्हतं. माझ्याकडे वळल्या, पुन्हा तिच्याकडे वळल्या, चष्मा काढून पदरानं पुसून परत घातला. मग हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. हात केसांवरून मानेपर्यंत खाली आला आणि तिथंच थांबला.

"वैशू? तुले पांढरे केस आले वं?"

"आले, माय."

"अन् वेनी?"

"कापली. पाच वर्सं झाले." वैशूनं बाटली पोरीच्या हातात दिली. "मी मांगच्या दोनी आयतवारी आलती. पह्यल्यांदा तुहा आवाज आयकला अन् मी दारातूनच मांगं फिरली. मांगच्या आयतवारी पायऱ्याईवर समोर येऊन उभी राह्यली. तुनं माह्याकडं पाह्यलं, माय. चांगलं डोळे भरून पाह्यलं अन् तोंड फिरवलं. मले वाटलं, अजून राग हाय. घरी जाऊन मी जेवली नाई."

टाकीजातले दिवे गेले. मध्यंतर संपलं होतं. पडद्यावर गाणं सुरू झालं आणि त्या आवाजात काकू काय म्हणाल्या, ते फक्त आम्हा तिघींना ऐकू आलं.

"मी तोंड नाई फिरवलं वं, बाई. मी माही पोरगी धुंडून राह्यली होती. चोवीस वर्साची."